जुन्या सिरियल उपकरणांची नव्या लॅपटॉपशी जोडणी

माहितीचे बिट एकामागून एक पाठवणारे सिरियल पोर्ट ज्या यंत्राला आहे, ते यंत्र असे पोर्टच नसलेल्या आजच्या लॅपटॉपला जोडून दोहोंत देवाणघेवाण सुरू करणे, याला ही जोडणी म्हणतात. कोल्हापूर परिसरात तिची गरज आजही रोजची आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर काम करणारी जुनी सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रे, साखर कारखान्यांच्या आवारातील ऊस मोजणारे वजनकाटे आणि गावोगावच्या दूध संकलन केंद्रांतील फॅट मशीन यांपैकी अनेकांचा बाहेरच्या जगाशी संबंध या एकाच पोर्टातून येतो. यंत्र धडधाकट असताना केवळ लॅपटॉप बदलला म्हणून ते मोडीत काढणे परवडत नाही आणि योग्यही नाही.

या पोर्टाचे आरएस-२३२ हे मानक १९६० साली अमेरिकेत तयार झाले आणि १९६९ मध्ये त्याची ‘सी’ ही सर्वपरिचित आवृत्ती आली. त्यात ‘१’ हा बिट उणे ३ ते उणे १५ व्होल्टने, तर ‘०’ हा अधिक ३ ते अधिक १५ व्होल्टने दर्शवला जातो. १९९६ मध्ये यूएसबी आल्यानंतर हे पोर्ट हळूहळू लॅपटॉपवरून नाहीसे झाले. त्यामुळे आता यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर वापरावा लागतो. त्यातील एफटी२३२, पीएल२३०३ किंवा सीएच३४० यांसारखी चिप, ड्रायव्हर या जोड-सॉफ्टवेअरच्या साहाय्याने, विंडोजला एक कॉम पोर्ट (म्हणजे सिरियल पोर्ट) असल्याचे भासवते. बाजारात दिसायला अगदी सारखे, पण केवळ ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालणारे टीटीएल कन्व्हर्टरही मिळतात. ते आरएस-२३२ च्या यंत्राला थेट जोडल्यास जळू शकतात, म्हणून खरेदी करतानाच ही खात्री करून घ्यावी.

जोडणीतील सर्वाधिक वेळ केबल खाते. संगणकाच्या ९ पिनी पोर्टावर २ क्रमांकाची पिन माहिती घेते, ३ क्रमांकाची पाठवते आणि ५ क्रमांकाची ग्राउंड असते. जुन्या सीएनसी यंत्रांवर मात्र बहुधा २५ पिनी पोर्ट असते आणि त्यावर २ क्रमांकाची पिन पाठवते, ३ क्रमांकाची घेते व ७ क्रमांकाची ग्राउंड असते. म्हणून अशा यंत्रासाठी २ ला २ आणि ३ ला ३ अशी सरळ जोडलेली तारच एकाची पाठवणारी पिन दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनेला जोडण्याचे काम करते, तर दोन्ही टोके ९ पिनी असलेल्या दोन संगणकांमध्ये २ आणि ३ यांची अदलाबदल करावी लागते. केवळ क्रमांक पाहून केबल बनवणारा कारागीर नेमका येथे फसतो. कन्व्हर्टरबद्दल शंका असल्यास त्याच्या २ आणि ३ या पिना एकमेकींना जोडून पुटी किंवा टेरा टर्म या सिरियल पोर्टाशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे टाइप करावीत. तीच अक्षरे परत दिसली, तर दोष पुढच्या केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे असे मानावे.

सेटिंग म्हणजे बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग), डेटा बिट (एका अक्षरासाठीचे बिट), पॅरिटी (चूक ओळखण्यासाठी जोडलेला जादा बिट) आणि स्टॉप बिट (अक्षराचा शेवट दाखवणारा बिट). ही चारही दोन्ही बाजूंना एकसारखी हवीत. बॉड रेट चुकला, तर पडद्यावर सरसकट निरर्थक चिन्हे येतात. पॅरिटीची चूक अधिक फसवी असते. यंत्र ७ डेटा बिट व सम पॅरिटीने पाठवत असेल आणि लॅपटॉप ८ बिट व पॅरिटीविना वाचत असेल, तर ०, ३, ५, ६ आणि ९ हे अंक बरोबर दिसतात, पण १, २, ४, ७ आणि ८ बिघडतात. काट्यावरील वजनात फक्त काही अंक बिघडलेले दिसले, तर तार बदलण्याआधी पॅरिटी तपासावी.

मोठा प्रोग्राम तुकड्यातुकड्याने पाठवताना सीएनसीची मेमरी भरली, की ते यंत्र १९ क्रमांकाच्या संकेताने ‘थांब’ आणि १७ क्रमांकाच्या संकेताने ‘चालू कर’ असे सांगते. हा संकेत लॅपटॉपमधील सॉफ्टवेअरपर्यंत पोचेपर्यंत कन्व्हर्टरने आधीच घेतलेली माहिती यंत्राकडे जात राहते आणि मेमरीत मावेनाशी झाल्याची, म्हणजे ओव्हरफ्लोची, सूचना येते. असे झाल्यास बॉड रेट कमी करून पाहावा. शक्य तेथे संगणकाच्या ९ पिनी पोर्टाच्या ७ आणि ८ या पिनांवरील हार्डवेअर नियंत्रण (थांब-चालू हे तारेवरूनच सांगणे) वापरणे अधिक भरवशाचे असते. यंत्राची केबल लावताना वा काढताना दोन्ही बाजूंचा वीजपुरवठा बंद ठेवावा, आणि वेल्डिंग व इंडक्शन फर्नेस चालू असलेल्या शेडमध्ये विद्युत-विलग (दोन्ही बाजूंमध्ये थेट विद्युत जोड नसलेला) कन्व्हर्टर वापरावा, कारण दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील फरकामुळे वाहणारा प्रवाह पोर्ट निकामी करू शकतो.

दूध संकलन केंद्रात काटा आणि फॅट मशीन अशी दोन यंत्रे दोन कन्व्हर्टरवर असतात. चिपला स्वतःचा अनुक्रमांक नसल्यास यूएसबीचे छिद्र बदलताच विंडोज नवा कॉम क्रमांक देते आणि संकलनाचे सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकावर वाट पाहत राहते. त्यामुळे प्रत्येक वायरला आणि तिच्या छिद्राला चिठ्ठी चिकटवावी, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुना क्रमांक पुन्हा नेमून द्यावा. विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवरील जुने सॉफ्टवेअर मात्र पोर्टाच्या चिपशीच थेट बोलत असल्याने कन्व्हर्टरला ओळखत नाही. ते डॉसबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून त्याचे आभासी पोर्ट खऱ्या कॉम क्रमांकाशी जोडावे लागते.