खिडक्या कुणासाठी? हँपशायरमधल्या जुन्या इस्पितळांची गोष्ट

इंग्लंडच्या दक्षिणेला हँपशायर परगण्यात, साउदॅम्प्टनच्या खाडीकाठी नेटली नावाचं गाव आहे. १९ मे १८५६ रोजी व्हिक्टोरिया राणीने तिथे लष्करी इस्पितळाची कोनशिला बसवली. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त सैनिक गेले होते, त्यामुळे सरकारने हात सैल सोडला. इमारत आखली ती तब्बल पाव मैल लांबीची. खाडीतून येणाऱ्या जहाजावरून बघणाऱ्याची छाती दडपावी, अशी.

गोम तिथेच होती. खाडीकडची, उन्हाची बाजू लांबलचक पॅसेजने अडवली आणि रुग्णांच्या खोल्या मागे, ईशान्येला ढकलल्या. खिडकी एका बाजूला, दार पॅसेजमध्ये. आरपार वारा खेळायला वावच नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाहून परतल्यावर तिने हे नकाशे पाहिले आणि ती खवळली. तिच्या आईवडिलांचं घर याच परगण्यातलं, एम्ब्लीचं. पंतप्रधान पामर्स्टन यांची हवेलीही तिथून जवळच. तिने त्यांच्याकडे धाव घेतली. त्यांना ते पटलं. वास्तुकाराच्या मिरवण्यापायी रुग्णांचं सुख पणाला लावलंय, अशा अर्थाचं खरमरीत पत्र त्यांनी युद्धमंत्र्यांना धाडलं. पण पाया भरून झाला होता, पैसाही बराच ओतला होता. किरकोळ फेरफार करून १८६३मध्ये इस्पितळ सुरू झालं.

गंमत अशी, की नाइटिंगेलचं शास्त्र चुकीचं होतं. त्या काळच्या बहुतेकांप्रमाणे तिलाही वाटे, की घाणीतून उठणारी दूषित हवाच रोग निर्माण करते. जंतूंचा सिद्धांत अजून रुजायचा होता. पण तिचा उपाय कामाचा निघाला. क्षयाचे जंतू अतिसूक्ष्म थेंबांतून हवेत तरंगत राहतात. खोलीतली हवा तासाला एकदा बदलली, तर तासाभराने त्यांतले साधारण ३७ टक्के उरतात. सहा वेळा बदलली, तर अर्धा टक्काही नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की यंत्राशिवाय हे जमतं. पेरूची राजधानी लिमा इथल्या इस्पितळांत मोजमाप करून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या होत्या.

तिला हवं होतं तसं इस्पितळ त्याच परगण्यात, विंचेस्टरला उभं राहिलं. तिथलं इस्पितळ १७३६चं, लंडनबाहेरचं पहिलं परगणा-इस्पितळ. त्याची नवी इमारत १८६८मध्ये उंचावरच्या मोकळ्या जागेत झाली. वास्तुकार विल्यम बटरफिल्ड, सल्ला नाइटिंगेलचा. ते इस्पितळ आजही चालू आहे. नेटलीची अवाढव्य इमारत मात्र १९६६मध्ये पाडली. उरलं ते मधलं प्रार्थनाघर.

नेटलीला अगदीच मोडीत काढू नये म्हणा. तिथल्या लष्करी वैद्यकीय शाळेत इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर घडत. मलेरिया आणि डास यांचं नातं पुढे उलगडणारे रोनाल्ड रॉस त्यांतलेच. आणि दूषित हवेच्या धास्तीच्या काळात बांधलेल्या याच वास्तूत ऑल्मरॉथ राइट यांनी १८९०च्या दशकात विषमज्वराच्या जंतूंपासून लस तयार केली.

परगण्याच्या दुसऱ्या टोकाला अँडोव्हरचं वर्कहाऊस. १८३४च्या गरीब-कायद्यानुसार धडधाकट गरिबाला मदत हवी तर घरदार सोडून इथे यायचं आणि पडेल ते काम करायचं. बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराहूनही आतलं जिणं हलाखीचं हवं, हे उघड धोरण होतं. १८३६मध्ये सॅम्पसन केम्पथॉर्न यांनी आखलेली इमारत क्रूसाच्या आकाराची होती. बाया, पुरुष, मुलं यांची अंगणं वेगळी आणि मधोमध व्यवस्थापक, सगळीकडे नजर ठेवायला. हवेची इथे कुणाला पडली होती!

पुरुषांना काम होतं जनावरांची हाडं जड मुसळाने कुटायचं. हाडांत फॉस्फरस असतो. त्या भुकटीला शेतकऱ्यांकडून खत म्हणून मागणी होती. शिधा आधीच तुटपुंजा, त्यात व्यवस्थापक हात मारायचा. १८४५मध्ये उघडकीला आलं, की भुकेलेले लोक त्या सडक्या हाडांतला मगज चोखतायत, त्यांवरच्या कुर्च्यांसाठी आपसात भांडतायत. संसदेची चौकशी बसली आणि १८४७मध्ये गरीब-कायद्याचं आयुक्तमंडळच बरखास्त झालं. वर्कहाऊस मात्र चालूच राहिली.

पुढे त्यांत धडधाकटांपेक्षा म्हातारे आणि आजारीच उरले. मग त्यांना जोडून दवाखाने निघाले. साउदॅम्प्टनचं आजचं मोठं जनरल हॉस्पिटल हे मुळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गरिबांसाठी बांधलेला असाच दवाखाना. १९४८मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली, तेव्हा देशभरातल्या अशा शेकडो इमारती तिच्याकडे आल्या. नावं बदलली, तरी म्हाताऱ्या माणसांना तिथे भरती व्हायची लाज वाटायचीच. सरकारलाही ती ठाऊक होती. वर्कहाऊसमध्ये जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर ते नाव न घालता दुसराच साधा पत्ता लिहावा, अशी सूचना १९०४मध्येच निघाली होती.