पॅसिव्ह प्रीॲम्प की ॲक्टिव्ह? आधी तुमचा नॉब बघा

कोल्हापुरात 'साउंड' म्हटलं की मिरवणुकीतला डॉल्बीच आठवतो. इथं विषय घरातल्या खोलीत निवांत गाणं ऐकण्याचा आहे. स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प आहे, सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) आहे. मधे आवाज कमीजास्त करायला डबा हवा, तोच प्रीॲम्प. बाहेरून दोन्ही डबे सारखेच: पुढं नॉब, मागं आरसीए सॉकेट.

पॅसिव्हच्या आत एक स्टीरिओ पॉट (नॉबमागचा कमीजास्त होणारा रेझिस्टर) आणि सिलेक्टर स्विच, बास. सिग्नलसाठी वीज लागतच नाही. तो नळाचा कॉक. ॲक्टिव्ह म्हणजे मोटर, विजेवर सिग्नल वाढवणारी. टाकीलाच प्रेशर असेल तर मोटर कशाला? सीडी प्लेअर पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्ट देतो आणि बऱ्याच पॉवर ॲम्पना पूर्ण ताकदीसाठी १ ते दीड व्होल्ट पुरतात. म्हणजे आपण सिग्नल वाढवत नाही, कमीच करत असतो. सध्याच्या ॲम्पचा नॉब घड्याळाच्या काट्यासारखा धरला तर दहा-अकराच्या पुढं जात नसेल, तर तुम्हाला पॅसिव्ह बहुतेक चालेल.

टर्नटेबलची गोष्ट वेगळी. एमएम कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) जेमतेम ५ मिलीव्होल्ट देतं, त्याला तो सिग्नल वाढवणारा फोनो स्टेज लागतोच.

पॅसिव्हची खरी अडचण मात्र वायरीत आहे. १० के (म्हणजे १० किलोओहम) पॉट वापरलात, तर व्होल्टेज निम्म्यावर आलेलं असताना त्याचा आउटपुट इम्पीडन्स (पुढच्या वायरीला जाणवणारा अडथळा) सर्वात जास्त, म्हणजे अडीच किलोओहम असतो. ५० के पॉटला तोच साडेबारा. चांगल्या वायरीची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर ५ मीटर वायरीवर १० केचं काही बिघडत नाही. ५० केला मात्र २० किलोहर्ट्झला, म्हणजे अगदी वरच्या तीक्ष्ण सुरांना, जवळपास २ डेसिबल उतरतात. म्हणून पॉवर ॲम्प शेजारीच ठेवा आणि त्याचा इनपुट इम्पीडन्स २० केच्या वर आहे ना बघा. व्हॅक्यूम ट्यूबवाल्या सोर्सला (सीडी प्लेअर, डॅक वगैरेला) मात्र १० के जड जातो, तिथं ५० के घ्या आणि वायर आखूड ठेवा.

पॉट घेताना 'ए' छापलेला मागा. आशियाई बनावटीत 'ए' म्हणजे लॉग (कानाला सावकाश वाढतोय असं वाटणारा), 'बी' म्हणजे लिनिअर (सरळ प्रमाणात वाढणारा). दुकानदाराने 'एकच असतंय भावा' म्हणून बी हातात ठेवला, तर नॉब जरा हलताच सगळा आवाज अंगावर येईल. स्वस्त कार्बन पॉटचे दोन्ही ट्रॅक जुळत नाहीत. रात्री हळू लावलं की गायिका एका स्पीकरकडं सरकते. त्यामुळं पैसे पॉटवर किंवा स्टेप्ड अटेन्यूएटरवर (टप्प्याटप्प्यानं आवाज बदलणाऱ्या स्विचवर) घाला. पत्र्याचा डबा उद्यमनगरात कुणीही वाकवून देईल.

स्वस्त ॲक्टिव्हमध्ये पैसा पॉवर सप्लायला कमी पडतो आणि स्पीकरमधून घूं असा 'हम' येतो; त्यापेक्षा त्याच बजेटचा पॅसिव्ह मी कधीही घेईन. पण ॲम्प हॉलच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा असेल तर हट्ट नको, पॉटच्या पुढं एक बफर (आवाज न वाढवता लांब वायर चालवणारं छोटं सर्किट) जोडून घ्या.