क्लाउडवरचे फोटो दिसत नसतील, तर आधी हे वाचा

फोन बदलला, बिघडला किंवा हरवला की आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फोटो गेले का हो?" बहुतेक वेळा गेलेले नसतात. ते कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजेच क्लाउडवर, सुखरूप असतात आणि आपण भलत्याच खात्यात शोधत असतो. म्हणून सुरुवातीलाच विनंती. फोटो सापडेपर्यंत फोन फॉरमॅट करू नका आणि जागा भरली म्हणून घाईने काही डिलीट करू नका.

आधी खातं ओळखा

क्लाउडवरचे फोटो फोनला नाही, खात्याला जोडलेले असतात. नवा फोन सुरू करताना जुना पासवर्ड आठवत नाही, मग घाईत नवा जीमेल आयडी उघडला जातो. गूगल फोटोज त्या नव्या आयडीवर सुरू होतं आणि स्क्रीन रिकामी दिसते. कधी बॅकअप मुलाच्या आयडीवर गेलेला असतो, कधी ऑफिसच्या.

तपासायला अवघड काही नाही. गूगल फोटोज उघडा आणि उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर टॅप करा. तिथे जो मेल आयडी दिसतो, त्याचेच फोटो तुम्ही बघत असता. फोनमध्ये दुसरं खातं असेल तर तिथूनच बदलता येतं. जुना आयडीच आठवत नसेल, तर लॉगिनच्या पानावर 'ईमेल विसरलात?' हा पर्याय आहे. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि नाव दिलं की आयडी शोधता येतो.

फोन हातात नसेल तर

कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये फोटोज डॉट गूगल डॉट कॉम उघडा. आयफोनवाल्यांनी आयक्लाउड डॉट कॉम, मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी वनड्राइव्हची वेबसाइट. संगणक दुसऱ्याचा असेल तर ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो (बंद केल्यावर लॉगिनची नोंद मागे न ठेवणारी) वापरा आणि काम झालं की लॉगआउट करा.

अडचण येते ती कोडची. पासवर्ड बरोबर असला तरी खात्रीसाठी मागितला जाणारा सहा आकडी कोड हरवलेल्या फोनवर किंवा त्यातल्या नंबरवर जातो. म्हणून फोन हरवला की आधी त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढा. हे एक काम वेळेत झालं तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

पासवर्डही विसरला असाल, तर रिकव्हरी जुन्याच फोनवरून किंवा नेहमीच्या संगणकावरून आणि नेहमीच्या जागेवरून करा. खातं तुमचंच आहे याची खातरजमा करताना गूगल या गोष्टी बघतं. आमच्या संगणकावरून केलेला प्रयत्न त्यामुळे बरेचदा फसतो. घरी बसून केलात तर आशा जास्त. ॲपलच्या रिकव्हरीला काही दिवस थांबावं लागू शकतं आणि आम्हाला त्यात घाई करता येत नाही. ॲपलचं 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' तुम्ही स्वतः सुरू केलं असेल, तर फोटोंची किल्ली ॲपलकडेही नसते. तेव्हा 'रिकव्हरी की' (खातं परत मिळवण्याचा लांब कोड) जपून ठेवा.

खातं बरोबर आहे, तरी फोटो नाहीत

अर्काइव्ह आणि ट्रॅश (डिलीट केलेल्या फोटोंची पेटी) बघा. अर्काइव्हमध्ये टाकलेला फोटो मुख्य यादीत दिसत नाही, पण असतो. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात आणि त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा सुरू करावा लागतो. तो कधी केलाच नसेल, तर ते फोटो गूगल फोटोजमध्ये सापडणार नाहीत.

जागा संपली तरीही बॅकअप थांबतो. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज यांच्यात मिळून आहे. १ जून २०२१पूर्वी 'हाय क्वालिटी'मध्ये (थोडा आकार कमी करून) चढवलेले फोटो त्यात धरले जात नाहीत, नंतरचे सहसा धरले जातात. आयक्लाउड आणि वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबीच.

डिलीट करताना

आम्हाला सर्वांत जास्त नुकसान इथेच दिसतं. फोनमधली जागा मोकळी करायची म्हणून लोक गूगल फोटोजमध्येच फोटो निवडून डिलीट करतात आणि ते क्लाउडवरूनही जातात. आयक्लाउड फोटोज सुरू असेल तर आयफोनवरही तेच: एका ठिकाणी काढला की सगळीकडून गेला. गूगल फोटोजमध्ये फक्त फोनमधली प्रत काढायची तर 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरा.

चूक झालीच, तर मुदत असते. बॅकअप झालेला फोटो गूगलच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये आणि वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये साधारण ३० दिवस. त्यानंतर आलात, तर क्लाउडवरून परत आणणं आमच्या हातात उरत नाही.

सगळे फोटो उतरवून घ्यायचे असतील तर

गूगल टेकआउट या खात्यातला डेटा उतरवून देणाऱ्या सोयीतून सगळे फोटो झिप फाइलींत मिळतात. डाउनलोडची लिंक साधारण आठवडाभरच चालते, तेव्हा मेल आला की उतरवून घ्या. झिपमध्ये फोटोंबरोबर जेसन नावाच्या छोट्या फाइली येतात. कचरा समजून त्या काढू नका, तारखा आणि ठिकाणं त्यांत असतात.

आयफोनमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' सुरू असेल, तर फोनमध्ये बऱ्याच फोटोंच्या हलक्या प्रतीच असतात आणि मूळ फोटो आयक्लाउडवर. केबल लावून कॉपी केल्यावर "अर्धेच आले" अशी तक्रार होते, ती यामुळे. त्यापेक्षा आयक्लाउडवरूनच उतरवा.

जुनं खातं नुसतं पडून असेल, तर अधूनमधून लॉगिन करत जा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल बंद करू शकतं. डिसेंबर २०२३पासून हा नियम अमलात आहे. आपल्यामागे घरच्यांना फोटो मिळावेत असं वाटत असेल, तर गूगलचं 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' किंवा ॲपलचं 'लेगसी कॉन्टॅक्ट' आत्ताच भरून ठेवा. नंतर कागदपत्रं घेऊन फिरण्यापेक्षा हे फार सोपं.

आमच्याकडे येताना

जुना फोन आणा, स्क्रीन फुटलेली असली तरी. खात्याला जोडलेल्या नंबरचं सिम आणि आठवतील ते सगळे मेल आयडी लिहून आणा. फोटो उतरवायचे असतील तर पुरेशा जागेची हार्ड डिस्कही. पासवर्ड आणि ओटीपी तुम्ही स्वतःच टाकायचा; आम्ही तो विचारत नाही, लिहूनही ठेवत नाही. काम झाल्यावर आमच्या संगणकावरून तुमचं खातं तुमच्यासमोर लॉगआउट केलं जाईल. ते झालेलं पाहूनच निघा.