तीन पायांचा मोर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखान्यात डिझायनरकाकांनी मोबाईल पुढे केला. एआयकडून काढून घेतलेला चादरीचा मोर. लांबून झकास, पण नीट बघितलं तर पाय तीन! काकांनी तो ग्राफ पेपरवर उतरवताना एक पाय खोडला, पिसारा दोन रंगांत बसवला आणि विचारलं, "आता हा मोर माझा का मोबाईलचा?"

नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाच्या कार्डावर छिद्र असेल तर ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तर नाही. १८०४ सालची ही युक्ती म्हणजे संगणकाचा आजोबाच. पण तिथं प्रत्येक छिद्र माणसानं ठरवून पाडलेलं असतं. एआयला आपण दोन ओळींची फर्माईश देतो. रेघ कुठं वळवायची ते असंख्य चित्रांवरून शिकलेलं गणित ठरवतं.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीनं संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे 'ती घडवून आणणारी व्यक्ती' असं घातलं. पण ती व्यक्ती फर्माईश करणारी, का सॉफ्टवेअर बनवणारी? तेव्हा हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. अमेरिकेत मार्च २०२५मध्ये अपील कोर्टानं कर्ता माणूसच हवा असं सांगितलं. त्याआधी २०२३मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं एका चित्रकथेचा मजकूर आणि मांडणी लेखिकेची मानली, एआयची चित्रं मात्र वगळली. माझ्या मते काकांचंही तसंच: दुरुस्त्या त्यांच्या, मूळ मोर बेवारस.

त्यात चादरवाल्यांना आणखी एक पेच आहे. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलं नाही आणि मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं यंत्रावर पन्नासांहून जास्त नग निघाले, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. एआय असो वा नसो.

आता एआयच्या चित्रावरचं लेबल. चादरीला शिवलेली चिठ्ठी कात्रीनं निघते. काठात विणलेलं नाव चादर फाडल्याशिवाय जात नाही. 'हे एआयनं केलं' ही नोंद फाइलच्या माहितीत ठेवली तर ती चिठ्ठी झाली, साध्या स्क्रीनशॉटनंही गळून पडते. गुगलच्या सिंथआयडीसारखी खूण पिक्सेलांच्या रंगांतच विणलेली असते. डोळ्याला दिसत नाही, काटछाट बऱ्यापैकी सोसते. पण ती ज्याची त्याच्याच यंत्राला वाचता येते, आणि मुद्दाम पुसायला बसलेल्यापुढं तिचाही भरवसा नाही.

केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२५च्या नियमांच्या मसुद्यात एआयच्या चित्राचा किमान १० टक्के भाग लेबलानं व्यापावा असं होतं. फेब्रुवारी २०२६च्या नियमांत लेबल ठळक हवं हे राहिलं, टक्केवारी गेली. बरं झालं, चादरीपेक्षा लेबल मोठं व्हायचं.

मी घरी आल्यावर काकांनी मूळ मोर व्हॉट्सॲपवर पाठवला. फाइलची माहिती उघडली. कुणी काढला, कशानं काढला, काही नाही. पाय मात्र तीन.