गॅसच्या बार्बेक्यूचा निखारा

मार्गशीर्षाची थंडी पडली की खान्देशात शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग, त्यात फिकट हिरवी, जाडजूड वांगी, आणि काडी ओढली की पाच-सात मिनिटं नुसता जाळ. पण लहानपणापासून हे पाहिलेल्या कुणालाही विचारा. वांगं आतपर्यंत होतं ते जाळ बसल्यावर, खालच्या लाल निखाऱ्यात आणि तापलेल्या राखेत. जाळ साल जाळतो, गर निखारा शिजवतो.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या दाजींनी गच्चीवर गॅसचा बार्बेक्यू घ्यायचं ठरवलं. शेत लांब, काड्या आणणार कोण, आणि शेजारी वाळत घातलेल्या कपड्यांना धूर लागतो. दुकानातूनच त्यांचा फोन आला. "तीन बर्नरचा घेऊ की चार? चारवाल्याचा जाळ दणदणीत आहे." मी म्हटलं, "दाजी, जाळ राहू द्या. आधी वरची जाळी काढून हातात घ्या, किती जड लागते ते सांगा." त्यांना ते विचित्र वाटलं. पण चांगला बार्बेक्यू ओळखायची खरी खूण त्या वजनात आहे, आणि त्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

गॅसची निळी ज्योत फार गरम असते. हवेत जळणाऱ्या एलपीजीचं तापमान तत्त्वतः 1900 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. तरीही ती उष्णता फेकत नाही. निळ्या ज्योतीपासून हातभर बाजूला उभे राहा, फारशी धग लागत नाही. शेकोटीपासून तेवढ्याच अंतरावर मात्र तोंड भाजतं. शेकोटीत काजळीचे कण आणि निखारे असतात. घन पदार्थ तापला की तो अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता चहूकडे टाकतो. निळ्या ज्योतीत असा घन कण जवळजवळ नसतोच, तिची बहुतेक उष्णता तापलेल्या वायूबरोबर सरळ वर निघून जाते.

या किरणांचा हिशोब 1879 मध्ये योझेफ स्टेफान या शास्त्रज्ञाने मांडला आणि 1884 मध्ये लुडविग बोल्ट्झमन यांनी त्याला सैद्धांतिक पाया दिला. तापलेली वस्तू जी उष्णता फेकते ती तिच्या निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे सेल्सिअस अंशांत 273 मिळवून येणाऱ्या आकड्याच्या, चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. 300 अंशांचा पत्रा आणि 800 अंशांचा निखारा समोरासमोर ठेवा. आकड्यांत फरक पावणेतीनपट दिसतो, पण दोन्हींचा पृष्ठभाग सारखाच काळा धरला तर निखारा बारापट धग देतो. म्हणून काड्यांच्या त्या लहानशा ढिगात पाच-सहा वांगी एकाच वेळी भाजून निघतात.

गॅसच्या बार्बेक्यूत निखारा नाही. मग त्याचं काम कोणीतरी करायला हवं, आणि ते करतं ज्योत आणि जाळी यांच्यामधलं धातूचं सामान. बर्नरच्या वर उलट्या पन्हळीसारख्या पत्र्याच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या ज्योतीची उष्णता पितात, तापतात आणि वर किरणं सोडतात. शिवाय वरून ठिबकणारं तेल थेट बर्नरवर पडू देत नाहीत. या पट्ट्या कागदासारख्या पातळ असतील तर दोन हिवाळ्यांत वाकतात, मग छिद्रं पडतात, आणि छिद्राच्या वरची जागा तेवढी करपायला लागते. दुकानात पट्टी काढून बोटांनी वाकवून पाहा. वाकली तर तो बार्बेक्यू परत ठेवा, मग बाहेरून कितीही चकचकीत असो. आणि घरी आणल्यावर या पट्ट्या घासून लख्ख करू नका. चकचकीत स्टील काळवंडलेल्या स्टीलपेक्षा फार कमी किरणं सोडतं. चिकटलेलं तेल खरवडून काढायचं, काळा रंग राहू द्यायचा.

मग जाळी. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे होतात ते मातीच्या उपड्या खापरावर. खापर तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की ओला, पातळ, हातभर मांडा टाकला तरी ते थंड पडत नाही. बिडाच्या जाळीचं तसंच आहे. पाच किलोची बिडाची जाळी 50 अंशांवरून 250 अंशांपर्यंत तापली की तिच्यात साधारण 460 किलोज्यूल उष्णता साठते. एक किलोच्या तारेच्या जाळीत याच्या पाचव्या हिश्शाएवढीच. फ्रीजमधून काढलेलं पनीर किंवा मसाला लावलेलं चिकन टाकलं की तारेची जाळी लगेच गार होते, पदार्थाला पाणी सुटतं आणि तो स्वतःच्याच पाण्यात उकडतो. बिडाची जाळी तो धक्का सोसते. मात्र तिला बिडाच्या तव्यासारखंच सांभाळावं लागतं: पाण्यात भिजत ठेवायची नाही, वापरून झाली की गरम असतानाच तेलाचा हात फिरवायचा. पावसाळ्यात एवढी निगा जमणार नसेल, तर बोटाएवढ्या जाड स्टीलच्या गजांची जाळी घ्यावी. बिडावर काचेसारखा मुलामा दिलेली जाळीही मिळते. ती चांगली असते, पण सांडशी आपटून मुलाम्याचा टवका उडाला की तिथून गंज धरतो.

वांग्यात साधारण 92 टक्के पाणी असतं. आणि पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या पुढे जात नाही. भाजल्याची खमंग चव मात्र 140 अंशांच्या आसपास वेग घेते. अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या या अभिक्रियेला 1912 मध्ये तिचं वर्णन करणाऱ्या लुई-कामिय मैयार यांचं नाव आहे. म्हणजे आधी पृष्ठभाग कोरडा व्हायला हवा, आणि पाणी उडवणं हेच सर्वात महाग काम आहे. 400 ग्रॅमचं वांगं खोलीच्या तापमानावरून शंभर अंशांना न्यायला सुमारे 130 किलोज्यूल पुरतात. त्यातलं फक्त 100 ग्रॅम पाणी वाफ करून घालवायला 225 लागतात. भरीत पाणचट होतं ते इथेच. धग कमी पडली की वांगं शिजतं, पण आटत नाही.

म्हणून झाकण महत्त्वाचं. उघड्या बार्बेक्यूत गरम हवा निघून जाते आणि खालची बाजू करपेपर्यंत वरची कच्चीच राहते. झाकण लावलं की आत भट्टी होते, चारी बाजूंनी ताप मिळतो. झाकण दुहेरी पत्र्याचं किंवा जाड ओतीव असावं, आणि लावल्यावर कडेने फट दिसू नये. झाकणावरच्या तापमापकावर मात्र फार विसंबू नका. तो वरच्या हवेचं तापमान दाखवतो, वांगं ज्या जाळीवर आहे तिचं नाही. झाकण लावून भाजताना वांग्याला आधी टोचे मारायलाच हवेत. आत कोंडलेली वाफ साल फोडून उकळता गर उडवते.

आता दाजींच्या जाळाचा प्रश्न. पत्रकावर 36,000 बीटीयू असं ठळक छापलेलं असतं. बीटीयू हे उष्णतेचं माप, आणि हा आकडा तासाभराचा. ताशी 3412 बीटीयू म्हणजे एक किलोवॅट, म्हणून हा बार्बेक्यू सुमारे साडेदहा किलोवॅटचा. पण हा नुसता खर्चाचा आकडा झाला. तो किती जाळीवर पसरणार आहे ते पाहायला हवं. 60 बाय 45 सेंटीमीटरच्या जाळीला नऊ-दहा किलोवॅट व्यवस्थित पुरतात, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साडेतीन वॅटच्या आसपास. पत्रा पातळ आणि झाकण फटीचं असेल तर याहून मोठा आकडाही कामाला येत नाही. सगळे बर्नर पूर्ण उघडले तर असा बार्बेक्यू तासाला 800 ग्रॅमहून थोडा जास्त गॅस खातो. 14.2 किलोचं सिलिंडर या वेगाने सुमारे 17 तास चालेल.

पण घरगुती रेग्युलेटरमधून ताशी किती गॅस जाऊ शकतो यालाही मर्यादा आहे. चौथा बर्नर लावताच बाकीचे तीन खाली बसत असतील तर दोष बहुधा तिथे असतो. दुसरं कारण धुळ्या-जळगावच्या हिवाळ्याचं आहे. सिलिंडरमधल्या द्रवाची वाफ होताना ती उष्णता त्या द्रवातूनच घेते, सिलिंडर गार पडतं आणि दाब उतरतो. एलपीजीतला ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच उकळतो, म्हणून रात्री पारा दहाच्या खाली गेला की अर्धं रिकामं सिलिंडर हळू चालतं. त्यावर गरम पाणी ओतणं किंवा शेगडीजवळ सरकवणं जिवावर बेतू शकतं. एक बर्नर बंद करा, थोडा वेळ जास्त द्या.

स्टील तपासायला लोक चुंबक घेऊन जातात. चुंबक चिकटलं तर ते बहुधा निकेल नसलेलं 430 जातीचं असतं. ते वाईट नसतं, पण मीठ-लिंबाच्या मसाल्यापुढे 304 जास्त टिकतं, कारण त्यात 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. मात्र चुंबक चिकटलं नाही म्हणजे 304च, असं समजू नका. भांडीबाजारात सर्रास मिळणाऱ्या 202 स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि त्यात निकेल कमी असतं. तेव्हा कुठली जात आहे ते पावतीवर लिहून घ्या. निदान बर्नर तरी 304चे किंवा ओतीव बिडाचे हवेत, कारण आधी सडतात ते बर्नरच.

परदेशातून कुणी बार्बेक्यू आणून देत असेल तर तो एलपीजीचा आहे का आणि किती दाबाचा आहे ते आधी विचारा. आपली घरगुती उपकरणं सुमारे 30 मिलिबार दाबावर चालतात. पाइपच्या नैसर्गिक गॅससाठी केलेल्या नोझलचं भोक मोठं असतं. तिथे एलपीजी जोडला तर गरजेपेक्षा जास्त गॅस येतो, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

दाजींनी शेवटी तीन बर्नरचा, जड जाळीचा बार्बेक्यू घेतला. पहिल्या दिवशी वांग्यांच्या आधी आम्ही उडदाचे पापड आणले. सगळे बर्नर मध्यम ठेवून दहा मिनिटं झाकण लावलं, मग उघडून जाळीवर एकाला एक लागून बारा पापड मांडले. पापड फार प्रामाणिक तापमापक आहे. मधले चार बघता बघता फुलले आणि काळे पडले, उजव्या कडेचे तांबूस झाले, डाव्या पुढच्या कोपऱ्यातला एक पांढराच राहिला. त्या दिवसापासून त्या कोपऱ्यात भाजलेल्या मिरच्या आणि कांदे गरम ठेवले जातात. चांगल्या बार्बेक्यूतही असा एखादा कोपरा असतो. अर्धी जाळी पांढरी राहिली असती तर तो परत दिला असता.

यंदा दिवाळीनंतर तोच बार्बेक्यू पुन्हा बाहेर काढला तेव्हा मधला बर्नर पेटेना, आणि अचानक बटणामागून भपकन ज्योत बाहेर आली. सिलिंडर बंद करून, गार होऊ देऊन बर्नरची नळी काढली. आत बोटभर लांब मातीचं घर होतं, कुंभारीण माशीने बांधलेलं. या नळीच्या तोंडातून गॅस आपल्याबरोबर हवा ओढून घेतो. तोंड बुजलं की गॅस पुढे जाण्याऐवजी मागे पसरतो आणि तिथेच पेटतो. कोळ्याचं जाळंही एवढं करू शकतं. वर्षातून एकदा बाटली धुवायचा लांब ब्रश या नळ्यांतून फिरवायचा. विकत घेतानाच बघा, बर्नर एका खिळीने किंवा स्क्रूने सुटतो का. जो सुटत नाही तो साफही होत नाही.

त्याच वेळी रबरी नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षं झाली की नळी बदला, आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो. गळाला तर जमिनीलगत साचतो, जिन्यातून खाली उतरतो. सिलिंडर खोलगट जागी ठेवू नका, आणि बंद गॅलरीत बार्बेक्यू पेटवू नका.

राहिला धुराचा प्रश्न. पहिल्या दिवशीचं भरीत खाऊन दाजींच्या आई म्हणाल्या, "भरीत चांगलं शे, पन काड्यास्ना वास नही." त्यांचं बरोबर होतं. लाकडातलं लिग्निन तापून फुटतं तेव्हा ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं निघतात, धुराचा ओळखीचा वास मुख्यतः त्यांचाच. एलपीजीत लिग्निन नाही, तेव्हा गॅस कितीही महाग यंत्रात जाळला तरी तो वास येणार नाही. पुढच्या खेपेला आम्ही कपाशीच्या काड्यांचे बोटभर तुकडे स्टीलच्या छोट्या डब्यात भरले, झाकणाला चार भोकं पाडली आणि डबा सरळ बर्नरच्या पट्टीवर ठेवला. हवा कमी मिळाल्याने काड्या पेटल्या नाहीत, धुमसत राहिल्या. सुरुवातीचा दाट पांढरा धूर कडवट असतो, तो जाऊ दिला. निळसर, पातळ धूर येऊ लागल्यावर वांगी ठेवून झाकण लावलं. आईंनी भरीत दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तरी शेतातल्यासारखं नाहीच, असं त्या म्हणाल्या, आणि तेही खरं होतं. डब्यात मूठभर काड्या होत्या, शेतात अख्खा भारा जळतो.