स्ट्रिप चुलीत टाकू नका

अल्प्राझोलमला गावात कोणी या नावाने ओळखत नाही. ती 'झोपेची गोळी'. कापसाला भाव नाही, कर्जाचा हप्ता डोक्यावर, झोप उडालेली. डॉक्टर दहा दिवसांची गोळी लिहून देतात आणि तीच चिठ्ठी मेडिकलवर वर्षभर चालते. खरे तर २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाही अशा औषधांच्या कडक यादीत आहे. दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव नोंदवहीत लिहून ती नोंद ३ वर्षे ठेवायची असते.

मग कधीतरी घरचे वैतागतात आणि उरलेली स्ट्रिप चुलीत टाकतात. धोका तिथेच सुरू होतो.

मेंदूची धावपळ आवरायला गाबा नावाचे रसायन असते, बैलाच्या वेसणीसारखे. गोळी ही वेसण आणखी ताणते. काही आठवड्यांत मेंदू स्वतःची ओढ सैल करतो, कारण ते काम आता गोळी करते. गोळी अचानक थांबली की बैल उधळतो: हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, आणि काहींना चक्क फिट येते. शरीरातले अल्प्राझोलम निम्मे व्हायला सुमारे ११ तास लागतात, त्यामुळे हे सगळे एक-दोन दिवसांतच दिसू लागते.

म्हणून डॉक्टर बहुधा तिच्या जागी हळूहळू डायझेपाम हे त्याच जातीचे औषध आणतात. ते शरीरात बराच काळ टिकते, चढउतार कमी होतात. एका प्रचलित हिशेबाने अर्धा मिलीग्रॅम अल्प्राझोलम म्हणजे सुमारे १० मिलीग्रॅम डायझेपाम. समजा रोजचे २० मिलीग्रॅम झाले. दर दोन आठवड्यांनी २ कमी करत १० वर यायला अडीच महिने. पुढे एकेकच कमी करायचा, म्हणजे आणखी पाच महिने. शेवटचे एक-दोन मिलीग्रॅम सर्वांत चिवट असतात. 'आता काय उरले' म्हणून घाई झाली की बरेच जण तिथूनच पुन्हा गोळीकडे परततात. त्रास वाढला तर त्याच मात्रेवर थांबायचे, वर जायचे नाही. लिव्हर खराब असेल तर डायझेपाम साचते, मग डॉक्टर दुसरे औषध निवडतात. हा हिशेब घरी बसून करायचा नाही.

सुरुवात पेरणी किंवा वेचणीच्या घाईत नको. आठवड्यापुरत्याच गोळ्या घरच्या माणसाच्या हाती ठेवाव्यात. मोहाची दारू पूर्ण बंद. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. मात्र रोज पिणाऱ्याने दारूही डॉक्टरांना सांगूनच सोडावी, तिच्यानेही फिट येते.

अंगदुखीसाठी घेतलेल्या ट्रामाडॉलची गोष्ट वेगळी. ते सुटताना जुलाब, अंगदुखी, नाक गळणे असा त्रास साधारण आठवडाभर होतो. खरी भीती नंतरची: शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुनीच मात्रा पुन्हा घेतली तर ती जीवघेणी ठरू शकते.

फिट, भास किंवा बरळणे दिसले तर १०८ ला फोन करावा. बाकी सल्ल्यासाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, किंवा टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फोन फुकट, रात्रीही लागतो.