लॉग कुणाचा? जावा वेब अ‍ॅप्लिकेशनमधल्या लॉगिंगची पार्श्वभूमी

टॉमकॅटवर (जावा वेब अ‍ॅप चालवणाऱ्या सर्व्हरवर, म्हणजे कंटेनरवर) वॉर फाइल, म्हणजे अ‍ॅपचं एकत्र बांधलेलं पॅकेज, चढवली, अ‍ॅप सुरूच झालं नाही आणि कन्सोलवर एवढंच दिसलं की एक किंवा अधिक लिसनर सुरू होऊ शकले नाहीत, तपशील संबंधित कंटेनर लॉगमध्ये पाहा. नवा डेव्हलपर टॉमकॅटची ‘कॅटलिना.आउट’ ही फाइल पुन्हा पुन्हा चाळत बसतो. खरं एक्सेप्शन मात्र ‘लोकलहोस्ट’ नावाने सुरू होणाऱ्या, तारीख लावलेल्या वेगळ्याच फाइलमध्ये पडलेलं असतं. कंटेनरचा लॉग वेगळा, अ‍ॅपचा वेगळा आणि अ‍ॅपमध्ये आलेल्या लायब्ऱ्यांचा आणखी वेगळा, हा प्रकार जावाच्या वेब जगात सुरुवातीपासून आहे. लॉगिंगचं कॉन्फिगरेशन करताना आज जो त्रास होतो, तो बराचसा या मालकीच्या गुंत्यातून आलेला आहे. हा गुंता वर्षागणिक कसा वाढत गेला ते कळलं, की एररची ओळ वाचूनच ती कुठल्या काळातल्या जारमधून (लायब्ररीच्या फाइलमधून) आली हे ओळखता येतं.

सर्व्हलेट एपीआयने, म्हणजे जावा वेब अ‍ॅप ज्यावर लिहितात त्या मूळ इंटरफेसने, पहिल्यापासून एक साधी लॉग मेथड दिली होती. तिला संदेश द्यायचा, हवं तर एक्सेप्शन द्यायचं. लेव्हल, म्हणजे संदेशाची तीव्रता, नाही, आणि कुठे लिहायचं ते कंटेनर ठरवणार. टॉमकॅटची ‘लोकलहोस्ट’ फाइल याच मेथडसाठी आहे. बाकी सगळे कन्सोलवर लिहिणारं प्रिंटएलएन वापरत. तो मजकूर कॅटलिना.आउटमध्ये जातो, कारण टॉमकॅटची स्टार्टअप स्क्रिप्ट स्टँडर्ड आउटपुट आणि एरर दोन्ही तिकडे वळवते. ही फाइल टॉमकॅट स्वतः कधीच रोटेट करत नाही (जुनी बाजूला ठेवून नवी सुरू करत नाही), त्यामुळे डिस्क भरते. मग कुणीतरी ती उडवतं, तरीही जागा मोकळी होत नाही, कारण चालू प्रोसेसने ती उघडी धरलेली असते. लिनक्सच्या लॉगरोटेट साधनात ‘कॉपीट्रंकेट’ (फाइल कॉपी करून जागीच रिकामी करणं) लावायचं ते यासाठीच.

शिस्त आली ती युरोपातून. १९९६ मध्ये युरोपीय संघाच्या सेम्पर प्रकल्पाने स्वतःचं ट्रेसिंग एपीआय लिहायचं ठरवलं. त्यावर आयबीएमच्या झुरिकच्या प्रयोगशाळेत जेकी ग्युल्जू यांनी काम केलं आणि त्यातूनच लॉगफोरजे ही लॉगिंग लायब्ररी घडली. पुढे ते अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेकडे गेलं आणि २००१ मध्ये १.० आवृत्ती आली. लॉगरला पॅकेजचं नाव द्यायचं, वरच्या पॅकेजची लेव्हल खालच्याला आपोआप लागू व्हायची, लिहायची जागा म्हणजे अपेंडर आणि ओळीची मांडणी म्हणजे लेआउट: ही सगळी विभागणी तिथली. माझ्या मते जावाच्या जगातला हा सर्वांत टिकाऊ विचारांपैकी एक आहे. आज कुठलीही लायब्ररी घ्या, कॉन्फिगरेशन याच चौकटीत लिहावं लागतं. ‘लॉगरसाठी कोणतेही अपेंडर सापडले नाहीत’ ही प्रसिद्ध सूचनाही इथलीच. कॉन्फिगरेशनची फाइल क्लासपाथवर (जावा जिथे फाइली शोधतं त्या जागांत) नाही, एवढाच बहुतेकदा तिचा अर्थ असतो.

इथेच थांबता आलं असतं. पण फेब्रुवारी २००२ मध्ये जेडीके १.४ हा जावाचा मूळ संच आला आणि त्यात जावा बनवणाऱ्या सन कंपनीने स्वतःचं लॉगिंग आणलं, जेएसआर ४७ या प्रस्तावातून. लॉगफोरजेच घ्या, असं ग्युल्जू यांनी मांडून पाहिलं होतं, ते मानलं गेलं नाही. नव्या पॅकेजमध्ये तारखेनुसार फाइल बदलायची सोय नव्हती, आणि मूळ रचना अख्ख्या जेव्हीएमसाठी (चालू जावा प्रोसेससाठी) एकच कॉन्फिगरेशन धरून चालणारी. एका टॉमकॅटमध्ये पाच अ‍ॅप असतील तर काय, याला तिच्यात उत्तर नव्हतं. म्हणून टॉमकॅटला ‘जुली’ नावाचा स्वतःचा लॉग मॅनेजर लिहावा लागला. तो क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) पाहून प्रत्येक अ‍ॅपला वेगळं कॉन्फिगरेशन देतो. जेडीकेच्या लॉगिंगमधला एक सापळा तर आजही पकडतो. लॉगरची लेव्हल ‘फाइन’ करूनही काहीच दिसत नाही, कारण कन्सोल हँडलरची स्वतःची लेव्हल वेगळी असते आणि ती ‘इन्फो’वरच राहिलेली असते. दोन्ही खाली आणल्याशिवाय ओळ बाहेर पडत नाही.

आता लायब्ररी लिहिणाऱ्यांपुढे पेच आला: कुणाची बाजू घ्यायची? त्याच वर्षी, २००२ मध्ये, जकार्ता कॉमन्स लॉगिंग १.० आलं. हा नुसता पातळ थर. खाली लॉगफोरजे असेल तर ते वापरायचं, नसेल तर जेडीकेचं, आणि हा शोध अ‍ॅप चालू असतानाच घ्यायचा. हेतू चांगला होता, पण वेब कंटेनरमध्ये या शोधाने लोकांच्या नाकी नऊ आणले. ते कसं, हे नीट पाहण्यासारखं आहे. समजा कॉमन्स लॉगिंगची जार सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमध्ये आहे आणि तीच जार अ‍ॅपच्या लिब फोल्डरमध्येही आहे. सर्व्हरकडची फॅक्टरी चालू थ्रेडच्या क्लासलोडरला विचारते आणि अ‍ॅपमधला लॉगफोरजेवाला क्लास उचलते. तो क्लास ‘लॉग’ इंटरफेस पाळतो खरा, पण अ‍ॅपच्या क्लासलोडरने आणलेला. फॅक्टरीला हवा असतो वरच्या क्लासलोडरचा. नाव एक, इंटरफेस दोन. मग एरर येते की अमुक क्लास लॉग इंटरफेस इम्प्लिमेंट करत नाही. डोळ्यांसमोर तो करत असतो, आणि माणूस हताश होतो. शिवाय ही फॅक्टरी एका स्टॅटिक तक्त्यात प्रत्येक क्लासलोडर धरून ठेवायची. अ‍ॅप काढून पुन्हा चढवलं की जुना क्लासलोडर मेमरीत तसाच राहायचा, आणि असं वारंवार केलं की पर्मजेन (क्लास ठेवायची तेव्हाची मेमरी) संपायचं.

या अनुभवातूनच ग्युल्जू यांनी एसएलएफफोरजे हा नवा थर लिहिला आणि सोबत खाली प्रत्यक्ष लिहिणारं लॉगबॅक. इथे चालू असताना शोध नाही. क्लासपाथवर एक बाइंडिंग (थराला खालच्या लॉगिंगशी जोडणारी जार) ठेवायचं, संपलं. संदेशात महिरपी कंसांची जोडी टाकून किंमत वेगळी देण्याची पद्धत रुळली तीही याच्यामुळे. लेव्हल बंद असेल तर स्ट्रिंग जोडायचा खर्चच होत नाही. जुन्या लायब्ऱ्यांचे लॉग इकडे वळवणारे ब्रिज दिले. पण बाइंडिंग एकच हवं, हा नियम डिपेंडन्सी पाळत नाहीत. कुठलीतरी दूरची लायब्ररी स्वतःसोबत दुसरं बाइंडिंग घेऊन येते आणि ‘एकापेक्षा जास्त बाइंडिंग आहेत’ अशी सूचना झळकते. तिच्याकडे कानाडोळा करू नये. त्याहून वाईट म्हणजे लॉगफोरजेकडून एसएलएफफोरजेकडे नेणारा ब्रिज आणि उलट दिशेचं बाइंडिंग एकत्र आले, तर कॉल गोल फिरत राहतो आणि स्टॅक ओव्हरफ्लो होतो.

अपाचेकडे लॉगफोरजे १ च्या जागी सगळं नव्याने लिहिलेलं लॉगफोरजे २ जुलै २०१४ मध्ये स्थिरावलं आणि १ ची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्ये अधिकृतपणे थांबली. नव्या आवृत्तीत असिंक्रोनस लॉगिंगचा वेग होता, आणि संदेशातल्या खुणेच्या जागी किंमत शोधून भरणारी लुकअप नावाची सोय होती. तिच्यात जेएनडीआय (नावावरून दूरची वस्तू शोधणारं जावाचं एपीआय) लुकअप २०१३ मध्ये, बीटा असतानाच, आला होता. डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळलं की ब्राउझरने पाठवलेल्या हेडरमध्ये डॉलर, कंस आणि जेएनडीआयचा पत्ता घातला आणि अ‍ॅपने तो हेडर नुसता लॉग केला, तरी सर्व्हर त्या पत्त्यावर जाऊन परका कोड आणून चालवू शकतो. या दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८, तीव्रता १० पैकी १०. त्या एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा दुरुस्त्या निघाल्या.

त्या दिवसांत सगळ्यांत जास्त वेळ गेला तो पॅच लावण्यात नव्हे, आपल्याकडे काय आहे ते शोधण्यात. कोडमध्ये एसएलएफफोरजे दिसतं, खाली कोण लिहितंय ते माहीत नाही, आणि वॉरच्या आत जार, जारच्या आत जार. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या साध्या अ‍ॅपमध्ये लॉगफोरजे नावाच्या दोन जार सापडत आणि धडकी भरे. त्या नुसत्या एपीआय आणि ब्रिज होत्या. लिहिण्याचं काम लॉगबॅक करत होतं आणि दोष होता तो ‘कोअर’ जारमध्ये. ज्या टीमला हा थरांचा इतिहास माहीत होता, तिला हे सांगायला डिपेंडन्सी ट्रीवर एक नजर पुरली. जानेवारी २०२२ मध्ये ग्युल्जू यांनी जुन्या लॉगफोरजे १.२.१७ वरून रीलोडफोरजे काढलं, कारण आवृत्ती १ वर चालणारी अ‍ॅप्लिकेशन्स अजूनही भरपूर होती.

२०२२ मध्येच एसएलएफफोरजे २.० आलं आणि बाइंडिंगऐवजी जावाच्या सर्व्हिस लोडरने प्रोव्हायडर (खाली लिहिणारं लॉगिंग) शोधू लागलं. त्यामुळे नवं एपीआय आणि जुनं लॉगबॅक १.२ एकत्र पडले, की प्रोव्हायडर सापडला नाही अशी सूचना येते आणि त्यानंतर लॉग पूर्ण गप्प होतो. स्प्रिंग बूट ३ वर जाताना हे हमखास भेटतं. उपाय म्हणजे लॉगबॅक १.३ किंवा त्यापुढचं घेणं. जेडीकेचं लॉगिंग मात्र अजून वेगळंच पडतं. ते जावाच्या गाभ्यात असल्याने त्याची जार बदलता येत नाही, ब्रिजचा हँडलर कोडमधून किंवा जेडीकेच्या लॉगिंग कॉन्फिगरेशनमधून बसवावा लागतो. तो बसवला की लॉगबॅकच्या कॉन्फिगरेशनमध्ये लेव्हल चेंज प्रोपगेटरही लावावा. नाहीतर लॉगबॅकमध्ये बंद केलेल्या लेव्हलच्या ओळीही जेडीके आधी पूर्ण रेकॉर्ड बनवून पाठवतं आणि मग त्या टाकून दिल्या जातात.